जोड बघून लावा

सोलापूर जिल्ह्यात गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचं मैदान भरतं. सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लावतानासुद्धा पंच दोघांना शेजारी उभं करतात, अंगलोट बघतात आणि मगच जोड लावतात. जोड विजोड दिसली तर कडेला बसलेले जुने पैलवान हरकत घेतात. वजनाची ही जाण या जिल्ह्याला बाहेरून कुणी येऊन शिकवायला नको. शाळेच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात किंवा इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळी किकबॉक्सिंगचे वर्ग भरतात, तिथं मात्र स्पॅरिंगची, म्हणजे जोडीदाराशी लढून करायच्या सरावाची, वेळ झाली की पुष्कळदा हीच जाण बाजूला पडते. ५५ किलोच्या मुलासमोर ८५ किलोचा तरुण उभा राहतो आणि कुणीतरी म्हणतं, "जड गड्याशी खेळलास तरच तयार होशील."

आमचं म्हणणं असं की हे वाक्य अर्धंच खरं आहे आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्यापायी मुलांची डोकी पणाला लागतात. जड जोडीदाराबरोबरचा सराव बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. पंधरा-वीस जणांच्या वर्गात वजनाला वजन जुळणं अवघडच असतं. पण हा सराव वेगळा आहे, त्याचे नियम वेगळे हवेत आणि ते पाळण्याचा भार जड खेळाडूवर आणि प्रशिक्षकावर पडायला हवा. आज तो हलक्या पोराच्या हिमतीवर टाकला जातो.

फरक किती पडतो ते आधी आकड्यांत बघू. माणसाचा एक पाय त्याच्या एकूण वजनाच्या साधारण १६ टक्के असतो. ५५ किलोच्या खेळाडूचा पाय ९ किलोच्या आसपास, ८५ किलोच्याचा १४ किलोच्या जवळ. दोघांनी एकाच वेगानं राउंड किक (बाजूनं फिरवून मारलेली लाथ) मारली तरी जड खेळाडूची किक दीडपट वजन घेऊन येते. ती ज्या बरगडीवर आणि ज्या हातावर पडते, तो हात मात्र ५५ किलोच्या शरीराचाच असतो. ठोशाचंही तेच. ठोसा नुसत्या हाताचा नसतो. टाच फिरते, कंबर येते, खांदा येतो आणि त्यामागून शरीराचं वजन येतं.

डोक्याची गोष्ट याहून वाईट आहे. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, आणि या बाबतीत जड माणूस आणि हलका माणूस यांच्यात फारसा फरक नसतो. फरक मानेत असतो. जाड, कमावलेली मान ठोसा बसताच डोक्याला धडाशी बांधून ठेवते, बारीक मान ते झटक्यात फिरू देते. हनुवटीवर बाजूनं हुक, म्हणजे कोपर वाकवून मारलेला ठोसा, बसला की कवटी एकदम वळते, आतला मेंदू क्षणभर मागे राहतो आणि त्याच्या तंतूंना ताण बसतो. म्हणजे हलक्या खेळाडूला दोन्हीकडून फटका. येणारा मार जास्त आणि तो सोसणारी मान कमी. लहान मुलांत तर शरीराच्या मानानं डोकं मोठं आणि मान कोवळी असते, त्यामुळे हा धोका आणखी वाढतो.

इथं बरेच पालक हेडगार्डकडे बोट दाखवतात. हेडगार्ड घालायलाच हवं. भुवई फुटणं, कानाला मार लागणं, सूज येणं यांपासून ते वाचवतं. कवटीच्या आत मेंदू हलण्यापासून ते वाचवत नाही. हौशी बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेनं २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढून टाकलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर उघड्या डोक्यानं लढले. त्या निर्णयावर वाद होऊ शकतो, पण हेडगार्ड घातलं म्हणजे डोकं सुरक्षित झालं हा समज मात्र टिकत नाही. १६ औंसांचा जाड ग्लोव्हसुद्धा मार पसरवतो, त्यामागचं वजन पुसत नाही.

आता वेळेचा हिशेब मांडू. हौशी किकबॉक्सिंगची लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, म्हणजे सहा मिनिटांची. एखाद्या मुलानं स्पर्धेत तीन लढती केल्या तर १८ मिनिटं झाली. त्या १८ मिनिटांसाठी सकाळी वजनकाटा मांडलेला असतो आणि गटाच्या मर्यादेबाहेर गेलेल्याला बाद करतात. हाच मुलगा वर्गात आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी दोन मिनिटांच्या चार फेऱ्या खेळला तर आठवड्याला १६ मिनिटं होतात. वर्षातले ४० आठवडे धरले तर ६४० मिनिटं, म्हणजे दहा तासांहून जास्त. या दहा तासांत काटा कुठंच नसतो. मेंदूला मार स्पर्धेत बसला की सरावात, हे कळत नाही. 'पंच ड्रंक' झालेल्या, म्हणजे मार खाऊन खाऊन मेंदूवर परिणाम झालेल्या, बॉक्सरांचं वैद्यकीय वर्णन १९२८ मध्येच प्रसिद्ध झालं होतं, आणि त्यानंतरच्या जवळजवळ शंभर वर्षांत एक गोष्ट पक्की झाली आहे. माणूस आडवा पडला नाही, चक्करही आली नाही, तरी वारंवार बसलेले छोटे मार साठत जातात.

याला पहिलं उत्तर मिळतं ते तालमीतून. तालमीत लहान पैलवान मोठ्याबरोबर जोर (सरावाची कुस्ती) करतातच, मग इथं का नको? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दोन खेळांच्या घडणीत सापडतं. कुस्तीत समोरच्याचं वजन अंगावर हळूहळू येतं. पकड बसते, रेटा येतो, मान दाबली जाते, दम जातो. हलक्याला जाणवत राहतं की आता झेपत नाही, आणि तो खाली बसू शकतो, सोडवून घेऊ शकतो, वस्ताद हाक मारू शकतात. ठोशाला असा चढ नसतो. तो एका क्षणात येऊन संपतो, आणि तो जास्त होता हे कळतं तेव्हा तो बसलेला असतो. शिवाय चांगल्या तालमीत मोठा पैलवान लहानाला 'खेळवतो', त्याला डाव करू देतो, पडून दाखवतो. तालमीचा दाखला द्यायचाच असेल तर तो पूर्ण घ्यावा.

दुसरं उत्तर स्वसंरक्षणाचं, आणि ते मुलींच्या बाबतीत जास्त ऐकू येतं. रस्त्यावर अंगावर येणारा माणूस वजन विचारून येत नाही, म्हणून जडाशी खेळण्याची सवय हवी, असं सांगतात. हा मुद्दा वरवर पटतो. पण जोरात मार बसल्यावर शरीर काय शिकतं ते मॅटच्या कडेला उभं राहून नीट बघा. ज्याला आपल्या ताकदीबाहेरचा मार दोन-तीनदा बसला, तो पुढच्या वेळी ठोसा निघण्याआधीच डोळे मिटतो. हनुवटी वर जाते, मान मागे जाते, पाय सरळ रेषेत मागे पडतात, हात चेहऱ्यापुढे लांब जातात. या चारही सवयी रस्त्यावर घातक आहेत आणि एकदा लागल्या की त्या मोडायला महिने जातात. जड माणसाच्या तावडीतून सुटायचं असेल तर मनगट सोडवणं, ढकलून अंतर मिळवणं, ओरडणं, पळण्याची दिशा आधी हेरणं हे शिकायला लागतं. त्याचा सराव जड जोडीदाराबरोबरच करावा आणि भरपूर करावा. त्यासाठी तोंडावर ठोसे खाण्याची गरज नाही.

कौशल्य असलं की वजन हरतं, असंही म्हणतात. व्यावसायिक किकबॉक्सिंगचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. अर्नेस्टो हूस्ट हा के-वन ग्रां प्री ही व्यावसायिक किकबॉक्सिंगची मोठी स्पर्धा चार वेळा जिंकलेला खेळाडू, तंत्राचा वस्तादच. २००२ मध्ये त्याच्यापुढे बॉब सॅप आला. अमेरिकन फुटबॉलमधून आलेला, किकबॉक्सिंगमध्ये नवखा, आणि हूस्टपेक्षा ५० किलोंहून जड. ऑक्टोबर आणि डिसेंबर अशा दोन महिन्यांच्या अंतरानं झालेल्या दोन्ही लढती सॅपनं जिंकल्या. पुढच्या वर्षी मिर्को क्रो कॉपनं सॅपला पहिल्याच फेरीत, डोळ्याजवळ बसलेल्या डाव्या ठोशानं पाडलं, हेही खरं. पण क्रो कॉपही १०० किलोंच्या घरातला, मुरलेला व्यावसायिक होता. अशा लढतींचा दाखला नववीतल्या मुलाला देता येत नाही.

मग मर्यादा कुठं घालायची? आमची सूचना अशी आहे. हलक्या खेळाडूचं वजन धरायचं आणि त्याच्या १० टक्क्यांपर्यंतचा फरक नेहमीच्या स्पॅरिंगला चालू द्यायचा. ४० किलोच्या मुलाला ४ किलो, ६० किलोच्याला ६. सरसकट 'पाच किलोचा फरक' धरण्यापेक्षा टक्केवारी बरी, कारण तेच पाच किलो ३२ किलोच्या पोराला फार होतात आणि ९० किलोच्या माणसाला जाणवतही नाहीत. १० हा आकडा हवेतून काढलेला नाही. वाको या किकबॉक्सिंगच्या जागतिक संघटनेच्या रिंगमधल्या पुरुष गटांच्या पायऱ्या ६०, ६३.५, ६७, ७१, ७५, ८१, ८६, ९१ किलो अशा आहेत. एका पायरीपासून दुसरीपर्यंतचं अंतर ५ ते ८ टक्के भरतं.

फरक १० ते २० टक्के असेल तर जोर आठ आणे ठेवावा आणि डोक्याला दोघांनीही फक्त स्पर्श करावा. २० टक्क्यांच्या पुढे जोर चार आणे. तिथं जड खेळाडूनं डोक्याकडे हात न्यायचाच नाही, हलक्याला मात्र हलक्या हातानं ती मुभा द्यावी. ३५ टक्क्यांच्या पुढे मोकळं स्पॅरिंग नको. एकानं फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पुश किक (तळव्यानं ढकलणारी लाथ) मारायची, दुसऱ्यानं फक्त चुकवायचं, असा ठरवून दिलेला सराव घ्यावा. ५५ आणि ८५ किलोंमधला फरक जवळजवळ ५५ टक्के होतो, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली जोड या शेवटच्या खान्यात पडते. १८ वर्षांखालच्या मुलांना १० टक्क्यांच्या पुढे कुणीच कुणाच्या डोक्यावर मारू नये. यात आम्ही कसलीही सवलत सुचवत नाही.

'चार आणे' म्हणजे किती, हे तोंडी सांगून कळत नाही. मारणाऱ्याला नेहमी वाटतं की आपण हळूच मारलं. त्यासाठी सोपा उपाय आहे. फेरी सुरू होण्याआधी जड खेळाडूनं पॅडवर एक ठोसा सोळा आणे मारून दाखवावा, मग आठ आणे, मग चार. पॅड हलक्या खेळाडूच्या हातात द्यावा आणि आकडा त्यानं सांगावा. मारणाऱ्यानं चार म्हणायचं आणि झेलणाऱ्यानं आठ, असं पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा होतं. झेलणाऱ्याचा आकडा खरा मानायचा. दर फेरीआधी हे करायला अर्धं मिनिट लागतं.

जड खेळाडूला नुसतं "हळू मार" म्हटलं की तो वेग कमी करतो. मग त्याच्या हातून ना त्याचा सराव होतो ना समोरच्याचा. वेग तसाच ठेवावा आणि वजन काढून घ्यावं. म्हणजे टाच फिरवायची नाही, कंबर आणायची नाही, ठोसा कातडीला लागताच थांबवून परत घ्यायचा. पुश किकमध्ये तळवा पोटावर ठेवायचा आणि काढायचा, कंबरेनं रेटायचं नाही, कारण रेट्यानं हलका खेळाडू पाठीवर पडतो आणि डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटते. या सरावात होणाऱ्या वाईट अपघातांपैकी हा एक, आणि त्यात ठोशाचा काही संबंध नसतो. लो किक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर. गुडघ्याजवळ कधीच नाही, आणि समोरच्याचा सगळा भार त्या पायावर आलेला असेल तेव्हाही नाही. गिरकी घेऊन मारायच्या किका आणि बॅकफिस्ट (मुठीच्या मागच्या बाजूनं मारलेला ठोसा) पूर्ण बंद, कारण मारणाऱ्याची नजर क्षणभर सुटलेली असते आणि त्या क्षणी जोर मोजता येत नाही. क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना धरून ठेवलेलं असताना, मानेवर लोंबकळायचं नाही. दोन अंक मोजून सोडायचं.

याचा अर्थ जड खेळाडूनं बॅगसारखं उभं राहावं असा मुळीच नाही. त्यालाही या फेरीत कमवायचं आहे. जड माणसाच्या पायांना आळस लवकर येतो, आणि वजनाच्या जिवावर जिंकायची सवय लागली की त्याचा बचाव कच्चाच राहतो. चपळ जोडीदार त्याला तेच शिकवतो. प्रशिक्षकानं त्याला प्रत्येक फेरीला एकच काम द्यावं. या फेरीत फक्त डावा हात, पुढच्या फेरीत फक्त बाजूला सरकून चुकवणं, त्यानंतर नुसती हूल देऊन समोरच्याचा हात काढून घेणं. असं काम हातात असलं की जोर आपोआप खाली राहतो.

हलक्या खेळाडूसाठी पहिला धडा अंतराचा. जड माणसाची ताकद मधल्या अंतरावर असते, जिथं त्याचा ठोसा आणि किक दोन्ही पूर्ण लांबीवर लागतात. तिथं उभं राहायचंच नाही. एक तर त्याच्या पायाच्या टप्प्याबाहेर, नाहीतर इतकं जवळ की त्याला हात फिरवायला जागा उरू नये. आत जायचं, एक किंवा दोन ठोसे मारायचे आणि बाहेर पडायचं. तिसरा मारायचा मोह झाला की त्याचा पहिला बसतो. एकास एक असा व्यवहार हलक्याला कधीच परवडत नाही.

बाहेर पडायचं ते तिरकं. सरळ मागे गेलं तर तिसऱ्या पावलाला भिंत किंवा दोर येतो, आणि मागे जाणाऱ्यापेक्षा पुढे येणारा नेहमी वेगवान असतो. समोरचा उजवा हात मागे ठेवून उभा असेल तर आपल्या उजवीकडे सरकावं. त्याच्या उजव्या हातापासून आपण लांब जातो, आणि त्याची उजवी राउंड किक आलीच तर ती ज्या दिशेला जाते त्याच दिशेला आपण जात असल्यामुळे मार उतरतो. मात्र त्या बाजूला त्याचा डावा हुक असतो, म्हणून उजवा हात गालाला चिकटलेला हवा. पुष्कळ जण दिशा बरोबर धरतात आणि हा हात विसरतात.

जड किक एका हातावर घेणं ही नवख्यांची ठरलेली चूक. कोपरापासून मनगटापर्यंतचं बारीक हाड अशा वेळी तडकू शकतं. दोन्ही हात जुळवून, कोपरं बरगड्यांना टेकवून घ्यावं आणि त्याच वेळी अर्धं पाऊल आत जावं. आत गेलं की नडगीऐवजी मांडी लागते, आणि मांडीचा वेग नडगीपेक्षा कमी असतो. हात पुढे लांबवून किक अडवायला जाणाऱ्यांचा अंगठा मुरगळतो. आपली पुश किक त्याच्या पोटाच्या मध्यावर मारली तर बऱ्याचदा आपणच मागे फेकले जातो. ती जांघेच्या वरच्या बाजूला, पुढच्या पायाच्या कंबरेवर ठेवावी. तो सरळ मागे जात नाही, थोडा वळतो, आणि वळलेल्या माणसाला पुन्हा समोर यायला एक पाऊल लागतं. तेवढं पाऊल आपल्याला पुरतं.

जोड लावताना वजनाइतकाच अनुभव मोजावा. अनुभवी जड आणि नवखा हलका ही जोड चालते, कारण जोर ज्याच्या हातात आहे त्याला तो आवरता येतो. सर्वांत धोकादायक असतो तो दोन महिन्यांपूर्वी आलेला, अंगानं दणकट, घाबरलेला नवखा. त्याला अजून अंतर कळत नाही, तो श्वास रोखून मारतो आणि चुकीची माफी मागता मागता पुढचा ठोसा सोडतो. अशाला पहिले तीन महिने पॅड आणि बॅगेवरच ठेवावं. दोघेही नवखे आणि वजनात मोठा फरक, ही जोड लावणाऱ्या प्रशिक्षकाला निष्काळजीच म्हणावं लागेल.

वेळही महत्त्वाची. आपल्याकडे हा सराव वर्गाच्या शेवटी घेतात, जेव्हा सगळे दमलेले असतात. दमलेल्या जड माणसाचा ताबा आधी जातो. हात थांबवायला ताकद लागते आणि तीच संपलेली असते. म्हणून वॉर्मअपनंतर लगेच, पहिल्या दोन फेऱ्या या जोड्यांच्या घ्याव्यात, आठवड्यातून एकदाच. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या छताखालचा हॉल सूर्य मावळल्यावरही तापलेला असतो. त्या दोन महिन्यांत हा सराव सकाळी सहाला घ्यावा किंवा बंद ठेवावा.

जोर चढण्याचा क्षण ओळखता येतो. एकाचा ठोसा जरा जास्त लागतो, दुसरा लगेच तितकाच परत देतो, तिसऱ्या वेळी दोघांचेही खांदे वर गेलेले असतात. पहिल्या परतफेडीलाच फेरी थांबवावी, दुसरीची वाट बघू नये. आणि थांबवण्याची खूण सगळ्यांना एकच हवी. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुलं एकाच मॅटवर असतात. मार बसल्यावर मूल आपल्या घरच्या भाषेत बोलतं किंवा बोलतच नाही. स्वतःच्या हेडगार्डवर ग्लोव्हनं दोनदा थापटलं की फेरी थांबली, हे पहिल्याच दिवशी शिकवावं, आणि थापटणाऱ्याला नंतर कुणी चिडवलं तर चिडवणाऱ्याला बाहेर बसवावं.

साहित्याबद्दल थोडक्यात. खाली शहाबादी फरशी असेल तर पातळ मॅट पुरत नाहीत. ४० मिलिमीटरच्या एकमेकांत अडकणाऱ्या मॅट हव्यात आणि मधल्या फटी फेरीआधी पायानं दाबून बघाव्यात. जड खेळाडूचे ग्लोव्ह १६ औंसांचेच. ग्लोव्ह समोरून अंगठ्यानं दाबावा. आतली बोटांची हाडं लागली तर तो ग्लोव्ह बॅगेसाठी ठेवावा. बॅग मारायचे आणि माणसाबरोबर खेळायचे ग्लोव्ह वेगळे असावेत, कारण बॅग आतलं फोम लवकर चेपते. माउथगार्ड ज्याचं त्याचं, गरम पाण्यात टाकून स्वतःच्या दातांवर बसवलेलं. वर्गाचं सामाईक हेडगार्ड लहान मुलाच्या डोक्यावर सैल बसतं आणि पहिल्या ठोशाला डोळ्यांवर येतं. असं हेडगार्ड असून नसल्यासारखं.

डोक्याला मार लागल्यावर आपल्याकडे तोंडावर पाणी मारतात आणि पुन्हा उभं करतात. हे थांबायलाच हवं. गरगरणं, मळमळ, उजेड सहन न होणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, फेरीचा आकडा न आठवणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी त्या दिवसाचा खेळ संपला. बेशुद्ध पडणं ही अट नाही. मेंदूला हादरा बसलेले बरेच जण शुद्धीवरच असतात. अशा मुलाला एकटं सोडू नये आणि दुचाकी चालवत घरी जाऊ देऊ नये. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, हातापायात अशक्तपणा किंवा झटके दिसले तर वाट न बघता सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं. नुसता हादरा असेल तर २४ ते ४८ तास आराम, मग चालणं, मग हलका व्यायाम, मग एकट्यानं तंत्राचा सराव. एका पायरीवर किमान एक दिवस, त्रास वाढला तर एक पायरी मागे. डॉक्टरांनी तपासून होकार दिल्याशिवाय स्पॅरिंग नाही. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर कोवळ्या वयात जीवही जाऊ शकतो.

राहिली अडचण जोडीदार नसल्याची, आणि ती खरी आहे. एका वर्गात ५५ किलोची एकच मुलगी असते. शहरात होटगी रोडला, जुळे सोलापुरात, पूर्व भागात असे वेगवेगळे वर्ग आहेत. प्रत्येकात एक-एक अशी मुलगी असली तर महिन्यातल्या एका रविवारी त्या चौघी-पाचजणी एका मॅटवर येऊ शकतात. पंढरपूर, बार्शीहूनही ७०-७५ किलोमीटरांवरून एका दिवसात येणं-जाणं होतं. यात आड येतो तो वर्गावर्गांमधला अबोला आणि विद्यार्थी फुटतील ही भीती. प्रशिक्षकांनी ती बाजूला ठेवावी असं आम्हांला मनापासून वाटतं, कारण त्या भीतीची किंमत मुलं मोजतात. जिल्ह्याच्या संघटनांनी असा सामाईक सरावाचा दिवस ठरवला, वजनकाटा मांडला आणि जोड्या लावून दिल्या, तर निम्म्याहून अधिक विजोड फेऱ्यांची गरजच राहणार नाही.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण यांमुळे घाईनं वर्गात घातलेली मुलं वाढत आहेत, आणि घाईतल्या मुलाला लवकर 'तयार' करण्याचा दबाव प्रशिक्षकावर येतो. फी भरण्याआधी एक संध्याकाळ वर्गात बसून बघा. काटा आहे का, सरांकडे स्पॅरिंगची वही आहे का, ते विचारा. त्या वहीत तारीख, दोघांची नावं, दोघांची त्या आठवड्याची वजनं, ठरलेला जोर, फेऱ्या आणि कुणाला काही लागलं असेल तर ते, एवढे रकाने पुरेत. साधा डिजिटल काटा हजार-दोन हजारांत येतो, वही वीस-तीस रुपयांत. शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांची प्रवेशिका भरून घेताना गेल्या तीन महिन्यांच्या या वहीची प्रत मागितली, तर जिल्ह्यातला प्रत्येक वर्ग पुढच्या हंगामाआधी काटा आणेल.